देवाला पोचतं ते काय? वापसीच्या घडावरून

आमच्या चर्चमध्ये दिवाळी झाल्यावर एका रविवारी हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते त्याने आणायचं, पुढे टेबलापाशी ठेवायचं, पास्टर त्याच्यावर प्रार्थना करतात आणि भक्ती सुटली की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्याचा लिलाव. भरताची वांगी, गंगाफळ, ज्वारीची कणसं, लिंबं, घरची अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी जी बरोबर शांत प्रार्थनेच्या वेळेला बोंब मारते. ज्यांना शेती नाही ते नोकरीवाले पाकिटात पैसे घालतात नाहीतर केक करून आणतात. लिलावात पन्नास रुपयाचं गंगाफळ पाचशेला जातं आणि घेणारा ते परत टेबलावर ठेवतो, की करा अजून एकदा. मजा असते.

दोन वर्षांपूर्वी मी केळीचा घड नेला होता. सोबत माझा एक मित्र होता, तो ख्रिस्ती नाही, मूळचा अमळनेर साइडचा म्हणून तोंडात अहिराणी, आता भुसावळला केळीच्या धंद्यात आहे. त्याला नुसतं बघायचं होतं तुमच्यात काय चालतं ते. माझा घड बघितला आणि कानात हळूच म्हणाला, "हाई ते वापसी शे भो." ज्यांना केळीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बाग कापताना व्यापारी चांगले घड भरून नेतो आणि बारके, वाकडे, डागी राहतात ते कमी भावाने वेगळे जातात, त्याला आमच्याकडे वापसी म्हणतात. माझा घड त्यातलाच होता. चांगले सगळे गाडीत चढले होते आणि मी मनात म्हटलं होतं, देव काय भाव थोडीच विचारणार आहे. मित्र हसला, म्हणे आमच्यात म्हणतात देव भावाचा भुकेला, तुमच्यात तर भावच पडलेला दिसतो.

संध्याकाळी चहावर त्याने मग सरळच विचारलं, "तुमना देवले काय चालस भो?" म्हणजे नारळ नाही, अगरबत्ती नाही, नैवेद्य नाही, मुहूर्त नाही, मग देवाला पोचलं की नाही हे तुम्हाला कळतं कसं. प्रश्न सोपा वाटतो पण मी अडकलो. लहानपणापासून चर्चला जातोय आणि हे कधी कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर बायबल उघडून, पास्टरांना पिडून, थोडं इकडचं तिकडचं वाचून जे समजलं ते माझ्या भाषेत इथे लिहितोय. मी काही धर्मगुरू नाही, कृषी केंद्रात बसणारा माणूस आहे, ते लक्षात ठेवून वाचा.

पहिलं म्हणजे शब्द. आम्ही रविवारी "भक्तीला" जातो, पुस्तकात "उपासना" लिहितात. बायबलच्या जुन्या कराराची, म्हणजे येशूच्या आधीच्या भागाची, भाषा मुख्यतः हिब्रू, त्यात उपासनेसाठी जो नेहमीचा शब्द येतो त्याचा मूळ अर्थ वाकणं, लोटांगण घालणं. आणि दुसरा एक शब्द आहे अवोदा, त्याचा अर्थ सेवा, पण काम, मजुरी, शेतात राबणं यालाही तोच शब्द. मला हे फार आवडलं. देवळातली सेवा आणि कपाशीतली निंदणी एकाच शब्दात बसते, आणि पुढे जे सांगायचंय त्याचं अर्धं बी इथेच आहे.

आता अर्पणाची बायबलमधली पहिलीच गोष्ट घ्या, उत्पत्तीच्या ४थ्या अध्यायातली. आदामाची दोन पोरं, काइन शेतकरी आणि हाबेल मेंढपाळ. काइनाने शेतातलं काहीतरी आणलं, हाबेलाने कळपातले पहिले जन्मलेले आणि त्यातले पुष्ट असे आणले. देवाने हाबेलाचं घेतलं, काइनाचं नाही घेतलं. का नाही घेतलं हे तिथे स्पष्ट लिहिलेलंच नाही. काही लोक सांगतात रक्ताचं अर्पण नव्हतं म्हणून, पण तसं असतं तर पुढे मोशेच्या नियमशास्त्रात पीठ, तेल आणि पहिल्या पिकाचं अर्पण कशाला सांगितलं असतं, म्हणून मला ते पटत नाही. (शेतकऱ्याचा माल देवाला चालत नाही असं म्हटलं तर आमच्या निम्म्या चर्चने जायचं कुठे.) नव्या करारातलं इब्रीकरांस पत्र सांगतं की फरक विश्वासाचा होता. आणि गोष्टीतच एक बारीक खूण आहे, हाबेलाचं "पहिलं आणि पुष्ट" असं वर्णन केलंय, काइनाचं नुसतं "काही उत्पन्न".

पण त्याहून महत्त्वाचं वाक्य असं आहे की देवाने "हाबेल आणि त्याचं अर्पण" यांच्याकडे आदराने पाहिलं. आधी माणूस, मग वस्तू. काइनाच्या बाबतीतही तोच क्रम. म्हणजे माल तपासायच्या आधी आणणारा तपासला गेला. आणि नाकारल्यावर देवाने काइनाला हाकलून दिलं नाही, त्याच्याशी बोलायला आला, की तोंड का पाडलंस, तू चांगलं केलंस तर तुझाही स्वीकार होणार नाही का, पाप दाराशी टपून बसलंय, त्याला आवर. भावाचा खून त्याच्या नंतर झाला. म्हणजे नाकारलं ते अर्पण, दार काही बंद केलं नव्हतं.

मग येतं मोशेचं नियमशास्त्र, ख्रिस्ती घरातली पोरंसुद्धा लेवीय पुस्तक आलं की पानं उलटतात इतकं ते किचकट, पण दोन गोष्टी त्यात ठळक आहेत. जनावर निर्दोष पाहिजे, आंधळं, लंगडं, खरजुलं चालत नाही. आणि होमार्पण आणणाऱ्याने जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, की हे माझ्या वतीने आहे. दुसरीकडे त्याच पुस्तकात ५व्या अध्यायात अशी सोय आहे की पापार्पणाला मेंढरू परवडत नसेल तर दोन पारवे आण, तेही जमत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा पीठ आण, साधारण दीड-दोन किलो, आणि तेही तितकंच चालतं. येशूच्या जन्मानंतर त्याच्या आईने मंदिरात पक्षीच दिले असं येशूचं चरित्र लिहिणारा लूक लिहितो, म्हणजे घर गरीब होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला शेवटी लागणार आहे.

माझ्या घडाचा विषय मात्र मलाखीत निघाला. जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक, छोटंसं. तिथे देव याजकांना खडसावतो की तुम्ही आंधळी, लंगडी, आजारी जनावरं माझ्यासमोर आणता, जरा तुमच्या सुभेदाराला असलं देऊन बघा, तो खूश होईल का? आजच्या भाषेत, साहेब घरी जेवायला येणार असताना तुम्ही वापसीची केळी ठेवाल का. आणि पुढे आणखी कडक, की कोणीतरी मंदिराचं दारच लावून घ्या, म्हणजे ही फुकटची आग तरी पेटणार नाही. वाचताना मला माझ्या मित्राचा चेहरा दिसत होता.

याच्या बरोबर उलटं उदाहरण दावीद राजाचं. देशात रोगराई आलेली, संदेष्टा सांगतो की अरवना नावाच्या यबूशी माणसाच्या खळ्यावर वेदी बांध. खळं म्हणजे आपलंच, मळणीचं. अरवना बिचारा राजाला बघून म्हणतो जागा घ्या, बैल घ्या होमाला, मळणीची आउतं आणि जू घ्या सरपणाला, सगळं फुकट. दावीद म्हणतो नाही, मी विकतच घेईन, मला काहीच खर्च पडला नाही असं अर्पण मी देवाला देणार नाही. पन्नास शेकेल चांदी मोजली त्याने, आजच्या वजनात अर्धा किलोच्या थोडी वर. इतिहासाच्या पुस्तकाप्रमाणे पुढे शलमोनाचं मंदिर त्याच जागेवर उभं राहिलं.

आता इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कळलं, भारी वस्तू द्या, चांगली निवडून द्या, विषय संपला. तर नाही. शौल राजाची गोष्ट बघा. अमालेकी लोकांवर स्वारी, आणि लुटीतलं काहीही ठेवायचं नाही असा स्पष्ट हुकूम. शौलाने बारकं-सारकं मारून टाकलं आणि चांगली चांगली मेंढरं, बैल ठेवून घेतले. शमुवेल संदेष्टा आला तेव्हा शौल म्हणतो मी सगळं केलं देवाने सांगितलेलं. शमुवेल म्हणतो मग हे माझ्या कानावर मेंढरांचं ओरडणं कसलं येतंय? शौल लगेच, ते होय, ते तर देवाला अर्पण करायलाच ठेवलंय. म्हणजे माल एक नंबर, वापसी अजिबात नाही, तरी नामंजूर. तिथलंच ते प्रसिद्ध वाक्य आहे की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. आपल्या मनाने ठरवायचं, वर देवाचं नाव लावायचं, हे बायबलमध्ये परत परत नापास होतं.

संदेष्ट्यांनी तर कहरच केला. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो तुमच्या यज्ञांचा मला वीट आलाय, तुम्ही हात पसरले तरी मी डोळे झाकून घेईन कारण तुमचे हात रक्ताने भरलेत, आणि पुढे उपाय सांगतो तो सगळा देवळाबाहेरचा, अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. आमोस, ख्रिस्तपूर्व ८व्या शतकातला, स्वतः मेंढरं पाळणारा आणि उंबराची फळं बघणारा माणूस, तो म्हणतो तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. का चिडला एवढा? कारण तेच लोक सणवार कधी संपतो आणि आपण दुकान उघडून माप लहान, वजन खोटं करून धान्य कधी विकतो याची वाट बघत बसायचे, आणि गरिबाला जोड्याच्या किमतीत विकत घ्यायचे. मी दुकानात बसतो म्हणून हे वाचताना जरा इकडे तिकडे बघितलं, खरं सांगतो. भक्ती रविवारी सकाळी दोन तास, आणि देव मात्र सोमवारचा काटा तपासतोय.

हे सगळं येशूच्या आधीचं. आता येशूचं जे वाक्य या विषयावर सगळ्यात जास्त सांगितलं जातं ते एका विहिरीवर बोललेलं आहे, योहानाच्या शुभवर्तमानात ४थ्या अध्यायात.

शोमरोन प्रांत, सूखार गाव, याकोबाची विहीर, भर दुपार. येशू दमून काठावर बसलेला, एक शोमरोनी बाई एकटी पाणी भरायला येते, आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चक्रावते, तू यहूदी असून माझ्याकडे पाणी मागतोस? यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. पाणवठा कोणाचा आणि कोणाच्या भांड्यातलं पाणी कोणाला चालतं हा वाद महाराष्ट्रात समजावून सांगायची गरज नाही, आपल्याला तो हाडापर्यंत माहीत आहे. बोलता बोलता विषय तिच्या घरावर येतो, पाच नवरे झालेले आणि आता आहे तो नवरा नाही. तेव्हा ती पटकन धर्माचा प्रश्न काढते. (आपणही तेच करतो, घरचं निघालं की चर्चा तत्त्वज्ञानावर न्यायची.) प्रश्न असा, आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करायचे, तुम्ही म्हणता यरुशलेमातच झाली पाहिजे, खरं कोणाचं? तो डोंगर म्हणजे गरिज्जीम, विहिरीवरून समोर दिसतो. तिथे शोमरोन्यांचं मंदिर होतं, ते यहूदी राज्यकर्त्याने ख्रिस्तपूर्व २ऱ्या शतकाच्या शेवटाला पाडलं होतं, म्हणजे जखम जुनी होती पण भरलेली नव्हती.

येशू तिला सांगतो अशी वेळ येतेय, आलेलीच आहे, की ना या डोंगरावर ना यरुशलेमात, खरे उपासक पित्याची उपासना आत्म्याने आणि खरेपणाने करतील, आणि पिता असेच उपासक शोधतोय.

"आत्म्याने" म्हणजे काय यावर जाणकारांत थोडा फरक आहे. कोणी म्हणतं माणसाच्या आतल्या आत्म्यातून, नुसत्या ओठाने नाही. कोणी म्हणतं पवित्र आत्म्याच्या मदतीने, कारण देवाला हाक मारायची ताकदसुद्धा देवच देतो. मला वाटतं दोन्ही एकमेकांना कापत नाहीत. "खरेपणाने" यातही दोन थर आहेत, एक म्हणजे ढोंग नको, आणि दुसरा म्हणजे देव जसा आहे तसा ओळखून, मनाला येईल तसा देव बनवून नाही. म्हणून "मनापासून केलं की झालं" हे ख्रिस्ती उत्तर अर्धंच आहे. मनापासून तर शौलानेही केलं असेल. पण माझं बोट नेहमी शेवटच्या तुकड्यावर थांबतं, पिता शोधतोय. आपण समजतो माणूस देवाला शोधत फिरतो, इथे देवच भर उन्हात विहिरीवर येऊन बसलाय आणि ज्या बाईला गावात कोणी विचारत नसेल तिच्याशी उपासनेसारख्या विषयावर बोलतोय.

आता ख्रिस्ती विश्वासाचा जो गाभा आहे तिकडे येऊ, कारण याच्याशिवाय वरचं सगळं म्हणजे नुसता चांगुलपणाचा तास होतो. निर्दोष अर्पण पाहिजे, आणणाराही निर्मळ पाहिजे, हात स्वच्छ, मन शुद्ध, मग असा आहे कोण? कोणीच नाही. ख्रिस्ती लोक मानतात की येशू स्वतःच ते निर्दोष अर्पण झाला, वधस्तंभावर, एकदाच, आणि ते परत परत करायची गरज उरली नाही. इब्रीकरांसच्या पत्राचा अख्खा भर त्या "एकदाच" वर आहे. म्हणून आमच्याकडे बळी नाही, आणि प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी "येशूच्या नावाने मागतो, आमेन" येतं. ते काही मंत्राचं शेपूट नाही, त्याचा अर्थ की मी माझ्या लायकीवर नाही आलो.

हे मी मित्राला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, म्हणजे वशिला लागतोच ना!

मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. फरक एवढाच की वशिल्यात मधला माणूस आपण गाठतो, त्याला काहीतरी देतो, आणि तो नको म्हणणाऱ्या साहेबाचं मन वळवतो. इथे साहेबाने स्वतःच स्वतःच्या पोराला पाठवलंय की जा आणि त्यांना आत घेऊन ये. देवाचं मन वळवायचं नसून आपलं वळवायचंय. काइन-हाबेलच्या गोष्टीतला जो क्रम होता, आधी माणूस मग अर्पण, तोच इथे आहे, आधी माणसाचा स्वीकार होतो तो ख्रिस्तामुळे, फुकट, आणि मग तो जे काही आणतो, गाणं, पैसा, घड, वेळ, ते स्वीकारलं जातं. पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच आहे, येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाला आवडणारे आत्मिक यज्ञ. म्हणून उपासना म्हणजे देवाला दिलेली लाच नव्हे आणि हप्ताही नव्हे. जे लोक सांगतात की इतका दशमांश द्या म्हणजे देव इतके पट परत देईल, ते माझ्या मते व्यापार शिकवतात, आणि तोही फसवा, कारण केळीचा भाव देवाने कोणाला लिहून दिलेला नाही.

आणि यज्ञ संपला म्हणजे देणं संपलं असंही नाही. पौल, येशूचा सुरुवातीच्या काळातला प्रचारक, रोमकरांना लिहितो की आपली शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून द्या. म्हणजे मेलेलं जनावर नको, चालता बोलता, सोमवारी कामाला जाणारा माणूस पाहिजे. ते अवोदा आठवलं ना, तेच.

मला स्वतःला सगळ्यात अवघड वाटतो तो भाग मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ५व्या अध्यायातला. येशू म्हणतो तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलायस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. नीट वाचा, "तुझ्या मनात भावाविषयी" नाही, "भावाच्या मनात तुझ्याविषयी". म्हणजे माझं काही नाही हो, त्याचंच डोकं फिरलंय, ही सबबसुद्धा गेली. माझा आणि माझ्या चुलतभावाचा सामाईक विहिरीच्या मोटरीच्या बिलावरून अबोला होता, तीन वर्षं. तीन वर्षं मी दर रविवारी त्याच चर्चमध्ये गाणी म्हणत होतो आणि तो दोन बाक सोडून बसायचा. एका रविवारी दारातूनच मी त्याला फोन लावला, तो अजून घरीच होता. समेट वगैरे मोठा शब्द झाला, मोटरीच्या स्टार्टरबद्दलच दोन मिनिटं बोललो आणि तो म्हणाला बघू. मी आत गेलो तोवर पहिलं गाणं होऊन गेलं होतं.

करिंथ गावच्या मंडळीचा किस्सा याच माळेतला. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, तिथे ते खरोखरचं एकत्र जेवण असायचं. पैसेवाले लवकर यायचे, आपलं आपलं खाऊन पिऊन टाइट व्हायचे, आणि गरीब उपाशी राहायचे. आपल्याकडे वरण-बट्टीच्या पंगतीत पहिल्या ताटांवर तूप थापायचं आणि शेवटच्या पंगतीला नुसतं वरण, तसंच. पौल त्यांना लिहितो तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. विधी झाला, भाकरी मोडली, शब्द बरोबर म्हटले, तरी नव्हेच.

उपासना करायची कशी याच्यावर मात्र ख्रिस्ती लोकांत दोन हजार वर्षं भांडणं चालू आहेत, ती मी थोडक्यात उरकतो. साधारण १५५ साली रोममध्ये जस्टिन नावाच्या विद्वानाने लिहून ठेवलंय की रविवारी लोक जमतात, शास्त्र वाचतात, प्रमुख बोध करतो, सगळे उभं राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस घेतात, आणि ज्याला जमेल तो देतो, ते पैसे अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी. सांगाडा अजूनही तोच आहे. १६व्या शतकात, प्रोटेस्टंट वेगळे झाले त्या सुधारणेच्या काळात, प्रश्न निघाला की बायबलने सांगितलंय तेवढंच करायचं, की बायबलने मनाई केली नाही ते सगळं चालेल. सुधारकांपैकी कॅल्विनच्या वाटेने जाणारे पहिल्या बाजूला, लूथरचे लोक दुसऱ्या, आणि झुरिचमध्ये तर चर्चमधले ऑर्गन बंद झाले. आजही काही मंडळ्या वाद्याशिवाय गातात, क्वेकर लोक गप्प बसून उपासना करतात, ऑर्थोडॉक्स लोक धूप आणि चित्रांसमोर, आणि कॅथलिकांत मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, हा केंद्रबिंदू. ७८७ च्या निकियाच्या परिषदेने चित्रांना मान देणं वेगळं आणि उपासना फक्त देवाची असं ठरवून दिलं, तरी प्रोटेस्टंटांना ते पटलेलं नाही. मला विचाराल तर हार्मोनियम की कीबोर्ड यावर देव नापास करत असेल असं वाटत नाही, पण या वादात भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो तेव्हा मत्तय ५ लागू होतो.

भाषेबद्दल मात्र मी पक्का आहे. पौल सांगतो समजत नाही अशा भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द बरे. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६३ साली लोकभाषेला दार उघडलं. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन, कीर्तन चर्चमध्ये रुजवलं, नाहीतर आमचे आजोबा इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबत बसले असते. आणि नवापूर साइडला जाऊन बघा, तिथे मावची, भिलीत गाणी चालतात, ढोल वाजतो, आणि आमच्या भुसावळच्या रेल्वेवाल्या चर्चपेक्षा तिथली प्रार्थना मला जास्त पोचलेली वाटते, अर्थात हे ठरवणारा मी कोण.

अजून एक प्रश्न लोक नेहमी विचारतात, पास्टरच चुकीचा निघाला तर आपली भक्ती वाया गेली का? हा प्रश्न ४थ्या शतकात उत्तर आफ्रिकेत इतका पेटला की चर्च फुटलं, डोनाटिस्ट पंथ म्हणायचा अपवित्र माणसाच्या हातचा विधी फुकट. ऑगस्टीन नावाच्या तिथल्या बिशपने उत्तर दिलं की देणारा ख्रिस्त आहे, हात फक्त माणसाचा. पाट फुटका असला तरी पाणी धरणाचंच असतं, असं मी समजतो. अर्थात पाट दुरुस्त करू नये असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

आणि ती विधवा. मंदिराच्या पेटीत श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते, तिने दोन टोल्या, म्हणजे सगळ्यात बारीक नाणी, टाकल्या, येशू म्हणाला हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं कारण तिने आपल्या कमतरतेतून टाकलं. त्या काळच्या दिवसाच्या मजुरीचा तो ६४वा भाग होतो, आज ३२० रुपये रोज धरला तर पाच रुपये. ही गोष्ट दानाच्या रविवारी हमखास सांगतात पण तिच्या लगेच आधी येशू अशा शास्त्र्यांना झापतो जे विधवांची घरं गिळतात आणि लांबलचक प्रार्थना करतात, ते सांगायचं हमखास राहतं.

यंदा जूनच्या वादळात आमची निम्मी केळी आडवी झाली. जी उभी राहिली त्यांचे घड निसवले पण भरले नाहीत, फण्या कमी, बोट बारीक. हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी मी बागेत दोन चकरा मारल्या, सगळ्यात बरा दिसला तो घड कापला आणि गोणपाटात गुंडाळून नेला. मित्र यंदाही आला होता, आता तो दरवर्षी लिलावासाठीच येतो. त्याने गोणपाट बाजूला केलं, घड फिरवून बघितला, धंद्यातला माणूस, हात आपोआप फणी मोजतो. म्हणे, "हाई बी वापसीच शे."

मी म्हटलं, हो, पण बागेत याच्यापेक्षा बरा नव्हता.

तो काही बोलला नाही. लिलाव सुरू झाला तेव्हा पहिली बोली त्याचीच होती, आणि दुसरी माझ्या चुलतभावाची.